मयताने डोळे उघडावेत का

मुनाफ, तू इतका वेळ गप्प पडलेला मी आजवर फक्त रंगमंचावर पाहिला होता. त्या दिवशी तुझ्या घरच्या बैठकीत तसाच पाहिला, आणि डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता हा उठेल आणि चहा मागेल. खोटं कशाला बोलू, मी दाराशी उभा राहून वाट पाहिली. गजू माझ्या शेजारीच होता. त्याने कानाशी तोंड आणून विचारलं, "सर, चहाचं कोनाले सांगतलं का?" आपण काय बोललो ते मग त्याचं त्यालाच कळलं. तो बाहेर गेला आणि तुझ्या बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यांच्या ढिगामागे उभा राहून रडला.

आता यात गजूचा काय दोष? ही रीत तूच पाडलीस. पडदा पडला की मयताला कोणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, तिरडी हलवायची नाही. मयताने आपलं आपण उठून बसायचं, खणखणीत आवाजात चहा मागायचा, आणि मगच बाकीच्यांनी तोंड उघडायचं. जिवंत माणूस तिरडीवर झोपवता, हे चांगलं नाही, असं आपल्या मंडळातल्या मंदाताईंच्या सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यावर तू हा तोडगा काढलास. "अपशकुनाले चहा पाजला का तो गुमान घरी जाते," असं तू त्यांना इतक्या गंभीरपणे सांगितलंस, की पुढच्या प्रयोगाला चहाची साखर त्यांच्या घरून आली.

आपलं नाटक तुला मी काय सांगणार? पण खरं म्हणजे तू ते कधी पाहिलंच नाहीस. सगळा वेळ डोळे मिटून होतास. म्हणून सांगतो. एक भांडकुदळ म्हातारा मरतो. गावातल्या एकूण एक माणसाशी त्याचं वाकडं, आणि प्रत्येक भांडणाच्या शेवटी त्याने पोरांना शपथ घातलेली, की माझ्या मयतीला याच्या दारावरून नेऊ नका. पोरं तिरडी उचलतात आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात येतं, की मसणवट्याकडे जाणारा एकही रस्ता मोकळा नाही. शपथेचं दार कुठे ना कुठे लागतंच. निंबाच्या झाडाखाली विसाव्याला तिरडी खाली ठेवतात ती ठेवतातच. दोन पोरं, एक जावई आणि एक शेजारी, असे चौघे खांदेकरी. त्यातले घरचे तिघे बापाला नाल्यातून न्यायचा की कुणाच्या तुरीतून, यावर तिथेच भांडत बसतात. शेवटी ज्यांची दारं वर्ज्य केली होती तेच गावकरी एकेक करत येतात, "आमच्या दारावरून न्या" म्हणतात, आणि सगळे मिळून ओरडतात, "उचला बुढ्याले!" तेच नाटकाचं नाव.

लिहिलं मी, बसवलं मी, आणि जावईही मीच झालो. पण म्हातारा कोण होणार हा प्रश्न आला तेव्हा मंडळातल्या सगळ्या शूरवीरांच्या घरून निरोप आले. वासूच्या आईने तर अन्न सोडायची धमकी दिली. तू तेव्हा नट नव्हतास. नाटकातल्या बायकांना बांगड्या पुरवायला आलास आणि तालमीच्या चहावर टिकलास, एवढंच. कोपऱ्यातून तुझा आवाज आला. "मी निजतो ना! माह्यावाल्यायले तिरडी लागतच नाही. तो अपशकुन मले ओळखनच नाही, मास्तर!"

सगळे हसले. मला मात्र घाम फुटला. तुझ्यासारखा बडबड्या माणूस साऱ्या राजापेठेत नव्हता. दुकानासमोर ट्यूशनच्या पोरापोरींच्या गाड्या, त्यांचे हॉर्न, आणि त्या सगळ्यावर तुझा आवाज. "हात सैल सोड व माय, बांगडी चढवून राह्यलो, हातकडी नाही." नव्या नवरीशी बोलायचास, तिच्या सासूशी बोलायचास, गिऱ्हाईक नसलं की समोरच्या भिंतीशी बोलायचास. अशा माणसाला एक अक्षर न बोलता अख्खं नाटक पडून राहायचं काम. तू मध्येच काहीतरी बोलशील अशी मंडळात पैज लागली होती, आणि पैज लावणाऱ्यांत मीही होतो.

पहिल्या प्रयोगात मी जावई म्हणून तुझ्या उशाशी बसलो. सहज तुझ्या छातीकडे पाहिलं. हलत नव्हती. पापणी नाही, नाकपुडी नाही, बोटाचं टोकसुद्धा नाही. तुझ्या चेहऱ्यावरून तू निघून गेला होतास. भाऊ, मी माझंच लिहिलेलं वाक्य विसरलो. वासूने मला कोपर मारलं तेव्हा नाटक पुढे सरकलं. इतक्या वर्षांत मी बरेच नट पाहिले, हातवारे करणारे, गळा काढणारे, टाळ्या घेणारे. पण काहीही न करणारा माणूस सगळ्यांची नजर अशी धरून ठेवतो, हे मला माहीत नव्हतं. आम्ही तिघे घसा फोडून भांडत होतो, आणि लोक तुझ्याकडे पाहून हसत होते.

"श्वास कुठे ठेवतोस रे?" मी नंतर विचारलं.

"पोटात घेतो, अन् पोट गादीकडे सोडतो," तू म्हणालास. "तुले नाही जमाचं. तुह्यं पोट समोरूनच लय पुढं हाय."

ती गादी नसीमभाभींनी शिवलेली. बांबूच्या कामट्या पाठीला टोचतात म्हणून तिरडीच्या मापाची, चटईएवढी पातळ, पांढऱ्या कपड्याखाली दिसू नये अशी. नाटकात मरायला जाणाऱ्या नवऱ्याला घरून गादी शिवून देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

चांदूर बाजारचा प्रयोग आठवतो? उघड्यावरचं स्टेज, बाजाराचा दिवस, समोर भाजीच्या पोत्यांवर बसलेले लोक. विसाव्याचा प्रवेश रंगात आला आणि एक गावठी कुत्रं स्टेजवर चढलं. आमच्या तिघांची वाक्यं घशातच राहिली. ते सरळ तुझ्याकडे गेलं. तुझे पाय हुंगले, मग हात, मग तुझ्या तोंडाशी तोंड नेऊन बराच वेळ पाहत राहिलं. आणि तुझ्या पायाशी अंगाचं वेटोळं करून बसलं. हसणारं मैदान एकदम चिडीचूप झालं. मी तुझ्याकडे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, मुनाफ, आता तरी डोळा किलकिला कर, हा प्राणी आहे, चावेल. तू नाही केलास. कुत्र्याला पटलं होतं, तिथे माणसांची काय कथा!

प्रयोग संपल्यावर एक म्हातारी काठी टेकत वर आली. तू उठून चहा मागितला होतास, तरी तिचा विश्वास बसेना. तिने दोन्ही हातांत तुझा चेहरा धरला. "जिवंत हायेस ना रे बापू?" तू म्हणालास, "हाव माय. तुह्या हातचा चहा पायजे होता म्हून वापस आलो." ती हसली, आणि हसता हसता तिथेच खाली बसून रडायला लागली. तिचा म्हातारा त्याच उन्हाळ्यात गेला होता. त्याला पोचवून आल्यापासून आपण आजच रडलो, असं ती सांगत होती. तू तिच्याजवळ मांडी घालून बसलास. मी मागे उभा होतो. आपण एक विनोदी नाटक करतो, एवढीच माझी तोवरची समजूत होती.

परतीच्या जीपमध्ये तू गिला वडा खात होतास आणि मी विचारलं, "इतका वेळ डोळे मिटून करतोस तरी काय?"

"ऐकतो," तू म्हणालास. "तुमाले समोरचा अंधार दिसते. मले एकेक मानूस ऐकू येते. कोन पोटातून हसते, कोन शेजारी हसला म्हून हसते. कोनाच्या घरी नुकतंच कोनी गेलं, तेबी समजते. तो हसता हसता मधातच थांबते."

मला ही फुशारकी वाटली होती. मूर्तिजापूरच्या प्रयोगानंतर मात्र तू जरा वेगळाच होतास. स्टेशनजवळच्या टपरीवर चहा घेताना म्हणालास, "आज मांगं कोनीतरी उभं होतं, मास्तर. पुरं नाटक उभं. बसलं नाही, हसलं नाही. हातात गाडीची चाबी होती, वाजून राह्यली होती." मी म्हटलं, असेल कोणी उशिरा आलेला, खुर्ची मिळाली नसेल. तू पुढे काही बोलला नाहीस. तू आणि पुढे काही बोलला नाहीस! मला तेव्हाच समजायला हवं होतं.

एका गोष्टीचं तुला लागायचं. इरफानने, तुझ्या एकुलत्या एका पोराने, हे नाटक पाहिलं नव्हतं. घरात विषय निघाला की उठून जायचा. "रोज रोज काय मरता अब्बा, लोकायसाठी?" म्हणायचा. तू ते सांगताना त्याची नक्कल करायचास, हसवायचास, आणि मग ग्लासातला उरलेला चहा उगाच फिरवत बसायचास. "एकडाव यावं पोट्ट्यानं. समोर बसून हसावं. बस." तुझी एवढीच मागणी होती.

आता आपलं भांडण. ते अर्धं राहिलंय, आणि तू असा मध्येच निघून गेलास म्हणून मी ते सोडून देईन असं समजू नकोस.

अकोल्याच्या स्पर्धेसाठी आपली निवड झाली आणि माझ्या डोक्यात शेवट आला. गावकरी "उचला बुढ्याले" म्हणतात, तिरडी खांद्यावर जाते, आणि पडदा पडता पडता मयत डोळे उघडतं आणि प्रेक्षकांकडे पाहून हसतं. सभागृह डोक्यावर घेतील, परीक्षकसुद्धा उठून उभे राहतील! मी शाळेच्या हॉलमध्ये तालमीला हे सांगितलं. मंदाताईंनी टाळी वाजवली. तू तिरडीवर उठून बसलास आणि नाही म्हणालास.

"का नाही?" मी विचारलं.

"मेला मानूस सगळं करते, मास्तर. घर भांडवते, गाव गोळा करते. डोळे उघडनं तेवढं त्याले जमत नाही."

"अरे, हे नाटक आहे."

"म्हनूनच तं. आपन लोकायले मरनावर हसवलं. शेवटी मी डोळे उघडले तं ते म्हनतीन, हात्तेच्या, हे तं खोटंच होतं. मंग ते चांदूरवाली माय कायच्यासाठी रडली? मेला तो मेला. तरी हसू येते. हेच तं आपलं नाटक हाय, अन् तूच लिवलं, अन् तुलेच समजून नाही राह्यलं!"

माझ्यातला शिक्षक उफाळून आला. सगळ्यांसमोर शिकवलेलं शिक्षकाला आवडत नाही, हे तुला ठाऊक होतं. मी म्हटलं, "दिग्दर्शक मी आहे की तू?"

"डायरेक्टर तू हायेस," तू म्हणालास, "पन मयत मी हावो."

हॉल खो खो हसला. मी नाही हसलो. मी म्हटलं, डोळे उघडायचे नसतील तर दुसरा मयत पाहावा लागेल. तू तिरडीवरून खाली उतरलास, टोपी नीट केलीस आणि नाटकातल्या म्हाताऱ्याच्या थाटात माझ्याकडे बोट रोखलंस. "मंग आयक. माह्या मयतीले या मास्तरच्या दारावरून नेऊ नका म्हून सांगतो मी इरफानले!" पुन्हा सगळे हसले. मी चप्पल घातली आणि चहा न घेता घरी आलो. तू त्या वेळी हसत होतास की नाही, ते मी वळून पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात सकाळी दुकानाचं शटर वर करता करता तू गेलास. शटर अर्ध्यावर राहिलं होतं म्हणतात.

तुझ्या घरी लोक येत होते, आणि मी त्या एका वाक्यापाशी अडकून बसलो होतो. गंमत होती की खरं होतं? अर्धी गंमत, अर्धं खरं, असं तुझं नेहमीच असायचं. माणूस शेवटचं काय बोलला, यावर राहिलेल्याने किती दिवस काढायचे, याचा काही नियम नाही. मी लिहिलेली शपथ माझ्याच दारावर येऊन चिकटली होती. ती काढू शकणारा माणूस आत पांढऱ्या कपड्यात पडला होता, आणि त्याचा श्वास पोटातही नव्हता.

दुपारच्या नमाजनंतर जनाजा निघाला. मी, वासू, गजू आणि मंदाताईंचे मिस्टर, असे आम्ही चौघे नाटकातले खांदेकरी गर्दीत मागे होतो. मिस्टरांना नाटकात एकही वाक्य नाही, त्यांना फक्त खांद्यासाठी घेतलंय, हे त्या दिवशीही कोणीतरी बोललंच. तुमच्याकडे खांदा सारखा बदलत जातो, जो तो दोन पावलं पुण्य घेतो आणि पुढच्याला देतो. जनाजा थांबत नाही, खाली ठेवत नाहीत. आम्हाला हे माहीत होतं. लहानपणापासून पाहत आलोय.

चौकात आल्यावर कब्रस्तानाचा रस्ता सरळ जातो. इरफान पुढे होता. त्याने हात डावीकडे केला. माझ्या गल्लीकडे.

"इधरसे कायकू? लंबा पडेगा," कोणीतरी म्हणालं.

"अब्बा बोले थे," इरफान म्हणाला.

गल्ली अरुंद, त्यात दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या, लोकांनी त्या उचलून बाजूला सारल्या. इरफानने मागे वळून आम्हा चौघांना खूण केली आणि खांदा दिला. वासू आणि गजू पुढे, मी आणि मिस्टर मागे. आपल्या त्याच जागा. समोर माझं घर आणि घरासमोरचं निंबाचं झाड. दारात माझी बायको, सुमन, पाण्याची बादली घेऊन उभी. प्रेतयात्रा गेली की दारात पाणी टाकायचं, ही आमच्याकडची रीत. ती सवयीने बादली घेऊन आली होती, आणि आता तिचं काय करावं ते तिला समजत नव्हतं.

आणि मग आमच्या हातून ते झालं. निंब आला, आणि आमचे पाय थांबले. ठरवून नाही. इतक्या प्रयोगांत निंब आला की थांबायचं, हे पायांनाच पाठ झालेलं. वासू पुटपुटला, "जपून रे." हे त्याचं नाटकातलं वाक्य आहे, हे त्याच्याही ध्यानात नव्हतं. आम्ही चौघांनी एकदम गुडघे वाकवले आणि तुला माझ्या दारात विसाव्याला खाली ठेवायला लागलो.

इरफानचा हात लाकडाखाली आला. "काका, खाली नाही ठेवत."

आम्ही वाकलेले तसेच राहिलो. वर होता येईना, खाली जाता येईना. माझ्या कानामागून घाम ओघळत होता. गर्दीत कुजबुज सुरू झाली. इरफानने निंबाकडे पाहिलं, माझ्या दाराकडे पाहिलं, मग आम्हा चौघांच्या तोंडांकडे. आणि तो हळू आवाजात, पण अगदी शेवटच्या प्रवेशातल्या गावकऱ्यांच्या सुरात म्हणाला,

"उचला. उचला बुढ्याले."

गल्लीतल्या ज्यांनी ज्यांनी नाटक पाहिलं होतं, त्यांच्यात एक हसू फुटलं. अगदी लहान, तोंडावर हात दाबून. मंदाताईंचे मिस्टर हसले, मी हसलो, वासू हसता हसता रडायला लागला आणि त्याच्या खांद्यावरचा कोपरा हलला. टोपी घातलेले एक बुजुर्ग मागे वळले. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी नुसतं "मुनाफ है" म्हटलं आणि पुढे चालू लागले. तुझ्या जनाज्यात हशा झाला, मुनाफ, आणि तुझे डोळे मिटलेलेच होते. आम्ही उचललं. सुमनने बादली दारात ओतली नाही, निंबाच्या बुडाशी ओतली.

भांडणात तू जिंकलास, हे मला तिथेच, खांद्यावर तुझं वजन असताना समजलं होतं. पण मी एवढ्या लवकर कबूल करणारा माणूस नाही.

काही दिवसांनी इरफान शाळेच्या हॉलवर आला. अकोल्याचा प्रयोग करायचा की नाही, यावर आम्ही नुसते बसून होतो. कोणी बोलत नव्हतं, कारण बोलायचं काम तुझं असायचं. इरफानच्या बगलेत भाभींनी शिवलेली गादी होती.

"अम्मीनं धाडली," तो म्हणाला. "जो निजन त्याच्या पाठीले लागन म्हने."

मंदाताईंनी पदर तोंडाला लावला. मी त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि इतके दिवस जिभेवर असलेलं विचारून टाकलं. माझ्या दारावरून का नेलंस?

"त्या दिवशी तालमीतून आले, जेवाले बसले अन् हासून राह्यले एकटेच," तो म्हणाला. "म्हने, मास्तरले दम देऊन आलो का तुह्या दारावरून नेऊ देत नाही. आता मी मेलो तं तिथूनच नेजा बरं, नाहीतं तो येडा जलमभर इचार करत बसन. मी चिडलो. म्हनलं, अब्बा, जेवतानी तरी मरू नका. लय चिडलो मी."

मी विचारलं, "आणि ते वाक्य? नाटक तर तू पाहिलं नव्हतंस."

तो खाली पाहत होता. हातात गाडीची चाबी होती, ती बोटाभोवती फिरवत होता, आणि ती वाजत होती.

"पाह्यलं नाही," तो म्हणाला. "येत होतो. मूर्तिजापूरले आलतो, चांदूरले आलतो, जवळचे सगळे. मांगं उभा राहो. स्टेजकडे पाह्यवतच नव्हतं. फकस्त पडदा पडल्यावर ते उठतेत का नाही, तेवढं पाहाले येत होतो, काका. ते उठले, चहा मांगतला, का मी गाडी काढो. तुमी सगळे वापस याच्या आंधी मी घरी."

सगळे प्रयोग, मुनाफ! तू तिरडीवर, आणि मागे अंधारात तुझं पोरगं, तू उठशील म्हणून उभं. लोक हसताहेत आणि ते उभं आहे. मी आयुष्यभर नाटकं पाहिली आणि शिकवली, आणि एवढं मोठं काही माझ्या नाटकाच्या मागच्या भिंतीशी चालू होतं, याचा मला पत्ता नव्हता. तुला होता का? चाबीचा आवाज तू ऐकला होतास. आपल्या पोराच्या चाबीचा आवाज बाप ओळखत नाही? मूर्तिजापूरच्या टपरीवर तू पुढे बोलला नाहीस ते त्यामुळेच का? हे आता मला कोण सांगणार? विचारायला मी उशीर केला, आणि तू पहिल्यांदाच उत्तर न देता गेलास.

अकोल्याला आपण जातोय. तुझ्या जागी मी निजणार आहे. जावयाची वाक्यं मंदाताईंचे मिस्टर पाठ करताहेत. माणूस इतका खुश मी पाहिला नाही. त्यांच्या जागी चौथा खांदा लागणार होता. इरफान म्हणाला, "मले डायलॉग नोको. खांदा देतो."

काल पहिली तालीम झाली. मी त्या गादीवर निजलो. डाव्या खांद्यापाशी तुझ्या खांद्याचा खळगा पडलाय, त्यात माझा खांदा बसत नाही. नाक खाजलं, पोटरीला मुंगी चढली, आणि पोट, तू म्हणाला होतास तसं, समोरूनच हलत राहिलं. आणि मग हळूहळू मला ऐकू यायला लागलं. मंदाताईंच्या हातातल्या तुझ्या दुकानच्या बांगड्या. वासूचा वाक्याआधीचा श्वास. मिस्टरांचं चुकलेलं वाक्य आणि त्यावर गजूने दाबलेलं हसू. प्रत्येक माणूस वेगळा, प्रत्येकाचं अंतर वेगळं. तू हे ऐकत होतास. आम्ही तुझ्यावर रडायचं नाटक करायचो आणि तू आम्हाला असं ऐकत पडायचास. असं एकदा ऐकू यायला लागल्यावर डोळे कोण उघडेल?

शेवटचा प्रवेश आला. "उचला बुढ्याले!" सगळ्यांचा आवाज उठला आणि त्यात एक नवा आवाज होता, थेट तुझ्या घशातला. तिरडी वर गेली.

"सर," वासू कळवळून म्हणाला, "मयताच्या डोळ्यातून पानी येऊन राह्यलं. मुनाफभाऊचं असं कधी नव्हतं होत."

"येऊ दे," मंदाताई म्हणाल्या.

मी डोळे उघडले नाहीत. तिरडी खाली आली. कोणीतरी "पडदा" म्हणालं, आणि सगळं शांत झालं. कोणी मला हात लावला नाही, कोणी हाक मारली नाही. मला पडून राहावंसं वाटत होतं, आणखी थोडा वेळ, तुझ्या त्या खळग्याशेजारी. पण हॉलमध्ये मागच्या बाजूला चाबी वाजत होती. तिरडी ठेवून इरफान भिंतीपाशी जाऊन उभा राहिला होता.

मग मी उठून बसलो आणि चहा मागितला.